सरवा

आमच्या घरी उन्हाळा लागला हे रूथ भिंतीवरून उतरली की कळते. मार्च संपता संपता गच्चीवरच्या ताडपत्रीखालून कूलर बाहेर निघतो, त्याच्या जाळ्यांत नवे वुडवूल भरले जाते, पाण्याचा पंप दोनदा खोकून सुरू होतो आणि ओल्या लाकडाचा वास खोलीभर पसरतो. नागपुरात वाढलेल्या माणसाला हा वास म्हणजे परीक्षा संपल्याचा वास. त्याच दिवशी मी स्टुलावर चढून बैठकीतल्या चार तसबिरी उतरवतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि ठणठणीत कोरडी हवा, आत कूलरचा दमट वारा. माणसाला तो जगवतो, कागदाला सोसत नाही. दिवसभर कागद ओल पितो, कूलर बंद झाला की सोडतो. महिना-दीड महिना हे फुगणे-आकसणे चालले की काचेमागे कागदाला वळ्या पडतात आणि वळ्यांच्या पोटात तपकिरी ठिपके उगवतात. मग पाऊस येतो आणि पावसाबरोबर कसर. म्हणून दसऱ्यापर्यंत ही चारही पाने लोखंडी कपाटात, पुठ्ठ्याच्या पेटीत, आडवी निजून असतात.

चौघांत थोरली रूथ. साधारण चौदा इंच उंच आणि सव्वादहा इंच रुंद असा एक कागद. मार्क शगाल या चित्रकाराने काढलेले आणि १९६० साली पॅरिसमध्ये छापलेले लिथोग्राफ. त्यावर सही नाही, क्रमांक नाही. सहीची, मोठ्या समासाची मोजकी पाने वेगळी काढली गेली होती; ती संग्रहालयांत आणि लिलावांत गेली. माझे पान एका मासिकातले आहे. ‘व्हर्व’ नावाचे ते मासिक, आणि त्याच्या एका जोडअंकातून कुणीतरी कधीतरी सुटे केलेले हे पान. संग्राहकांच्या उतरंडीत त्याची जागा तळाशी. पण बर्डीवरच्या एका दुकानात ते ज्या संध्याकाळी माझ्या हाती लागले, तेव्हा मला उतरंड ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी माझे पाय जमिनीवर राहिले नसते.

सीताबर्डीला आम्ही बर्डी म्हणतो. मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत जुन्या पुस्तकांचे ते दुकान होते. आता नाही. मी शाळेत मराठी शिकवत असे आणि पगाराच्या आठवड्यात तिथे एक चक्कर ठरलेली असे. मालकांना सगळे काका म्हणत. बोलणे कमी, चहा जास्त. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते पेन्सिलीने किंमत लिहीत. त्यांचा पाचाचा आकडा असा काही डावीकडे कलंडलेला असे, की त्याला भिंतीचा आधार द्यावासा वाटे. घासाघीस केलेली त्यांना चालत नसे. चित्रांच्या पुस्तकांची मात्र त्यांना आवड होती. इतर ढिगांवर धूळ असे, त्या एका फळीवर नसे. हे मी पाहिले होते, पण त्यातून काही ओळखावे इतका शहाणा मी नव्हतो.

फ्रेंच छापील कागद नागपूरच्या रद्दीत निघणे तसे नवलाचे नाही. फ्रान्सच्या आल्प्सकडच्या सव्हॉय मुलुखातून संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात इकडे आले, त्यांनी शाळा काढल्या, आणि १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाले. त्यांच्या पेट्यांतून फ्रेंच पुस्तके येत राहिली असणार. माझे पान त्याच वाटेने आले की एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या घरातून, हे मला कधीच कळणार नाही. त्या संध्याकाळी ते जुन्या नकाशांच्या आणि बिनमुखपृष्ठाच्या अंकांच्या गठ्ठ्यात, मधोमध होते. शगालची चित्रे मी वाचनालयातल्या जाड पुस्तकात पाहिली होती. त्याचा रंग रेषेच्या आत राहायला तयार नसतो, शेजारच्या घरात निरोप न देता शिरणाऱ्या पोरासारखा कुठेही जातो. एवढ्यावरून मी ओळखले.

“याचे काय, काका?”

“दीडशे द्या.”

ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले. हातात सुतळी होती, समोर बांधायचा गठ्ठा होता. मी पैसे ठेवले. त्यांनी ते पान एका खाकी कागदात घालून, दुमडणार नाही अशा बेताने दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून दिले. मी व्हरायटी चौकापर्यंत जवळजवळ पळत गेलो, जणू मागून कुणी हाक मारून ते परत मागणार होते. बसमध्ये बसल्यावर हसू आवरेना. काकांना मी गंडवले होते! त्यानंतर कितीतरी वर्षे हा किस्सा मी मित्रांना रंगवून सांगितला. संग्राहकाचा सगळ्यात आवडता किस्सा नेहमी हाच असतो: विकणाऱ्याला कळले नाही आणि मला कळले.

कळायचे अजून पुष्कळ होते. छापखान्यात काम केलेल्या एका मित्राने त्याचे भिंग दिले आणि म्हणाला, आधी घरातले कॅलेंडर पाहा. कॅलेंडरवरच्या गणपतीचे गाल भिंगाखाली विरघळले आणि त्यांची निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली रांगोळी झाली. मग रूथ पाहिली. तिथे शिस्तीतले ठिपके नव्हते. खडूने खरखरीत भिंतीवर ओढावे तसे तुटक, ओबडधोबड कण होते. “हा हाताचा माल आहे,” मित्र म्हणाला. “शिळाछाप.”

शिळाछाप हा शब्द मी जुन्या पोथ्यांच्या संदर्भात ऐकला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर नावाच्या जर्मन नाटककाराला, स्वतःची नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून खटपट करताना, ही युक्ती सापडली. चुनखडीचा एक विशिष्ट गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. रसायनाने ते दगडात पक्के करायचे, मग दगड ओला करायचा आणि वरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओली जागा शाईला नाकारते, तेलकट जागा घेते. दगडात काही कोरलेले नसते, काही उंच-सखल नसते. पाणी आणि तेल यांच्या भांडणावर सगळा कारभार चालतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, किंवा पुढच्या काळात जस्ताचा पत्रा, आणि प्रत्येक दगडावर त्याच कागदाने पुन्हा बिनचूक जागेवर जायचे.

मराठीला ही विद्या लवकर भेटली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. तोवर पंचांग जोशीबुवांच्या तोंडी असे किंवा हाताने उतरवलेले असे. आणि लिथोचे रंगीत रूप तर आमच्या घरातच होते. आजीच्या देवघरावर राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती. कमळावर उभी, मागे हत्ती, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, नंतर श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. त्या दगडांवरून निघालेल्या देवता नागपूर-वऱ्हाडातल्या घराघरांत पोचल्या. ज्यांना मंदिराच्या उंबरठ्याआत येऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही घरात. आजीला लिथोग्राफ शब्द ठाऊक नव्हता, पण ती रोज एका लिथोग्राफला हळदकुंकू वाहत होती. त्या अर्थाने आमच्या घराण्यातली पहिली संग्राहक तीच.

मित्राने एक गोष्ट सांगितली ती मनातून जात नाही. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड वाळूने घासून पुन्हा कोरा करतात. त्यावर दुसरे चित्र काढायचे असते, चांगला दगड महाग. म्हणजे ज्यावर चित्रकाराचा हात प्रत्यक्ष फिरला ती जागाच पुसली जाते. उरतात ते कागद, आणि तेही हजार घरांत विखुरलेले. “यातले मूळ चित्र कुठे आहे?” असे घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मी म्हणतो, हेच. आणि असे आणखी काही हजार. त्यांना ते पटत नाही. मलाही पटायला बरीच वर्षे लागली.

शगाल १८८७ साली वितेब्स्कला जन्मला. आज ते बेलारूसमध्ये आहे. गाव गरीब ज्यूंचे, लाकडी घरांचे, बोकडांचे आणि फिडल वाजवणाऱ्यांचे. अम्ब्रुआझ व्होलार या पॅरिसच्या चित्रव्यापाऱ्याने १९३० मध्ये त्याला बायबलसाठी चित्रे कोरायला सांगितली. पुढच्या वर्षी तो पॅलेस्टाईनला जाऊन तिथली माती आणि उजेड पाहून आला आणि तांब्याच्या पत्र्यांवर कोरू लागला. ६६ पत्रे झाले आणि १९३९ मध्ये व्होलार मोटार अपघातात गेला. मग युद्ध आले. शगाल १९४१ मध्ये अमेरिकेला निसटला, तिथे १९४४ मध्ये त्याची बायको बेला गेली, आणि ज्या जगाची चित्रे त्याने आयुष्यभर काढली ते ज्यू जग युरोपात जाळले गेले. परत आल्यावर त्याने राहिलेले ३९ पत्रे पुरे केले. एकूण १०५ चित्रांचे ते बायबल १९५६ मध्ये तेरियाद या प्रकाशकाने काढले. ‘व्हर्व’ मासिकही त्याचेच.

दरम्यान, साठी ओलांडल्यावर, १९५० च्या सुमारास शगाल पॅरिसमधल्या मुर्लो यांच्या छापखान्यात दगडावर काम शिकायला बसला. शार्ल सोर्लिए हा तिथला कारागीर त्याचा सोबती झाला. या वयात माणसे शिकवायला बसतात, हा शिकायला बसला. तेरियादने बायबलच्या चित्रांना ‘व्हर्व’चे दोन अंक दिले, एक १९५६ मध्ये आणि दुसरा १९६० मध्ये. दुसऱ्या अंकात २४ रंगीत लिथोग्राफ होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या शाईतले दुसरे. तो त्या मासिकाचा शेवटचा अंक ठरला. त्यात बायबलमधली माणसे: हव्वा, हागार, तामार, ईयोब, एस्तेर. पण रूथची गोष्ट त्याला इतकी आवडली की तिला त्याने एकटीला पाच पाने दिली.

मी रूथ भिंतीवर लावली तेव्हा तिची गोष्ट मला धड माहीत नव्हती. ती सांगितली आईने, आणि आईला तर ती मुळीच माहीत नव्हती.

आई काटोलकडच्या एका खेड्यातली. वयाच्या सत्तरीत ती आमच्याकडे राहायला आली. दुपारी कूलरसमोरची खुर्ची तिची. त्या वर्षी पाने उतरवायला मला उशीर झाला होता. ती बराच वेळ भिंतीकडे पाहत बसली आणि म्हणाली, “हे बाई तं सरवा वेचून राह्यली.”

मी थबकलो. चित्राखाली नाव नव्हते, आणि असते तरी ते फ्रेंचमध्ये असते. “पीक कापत असेल,” मी म्हटले.

“कापत असती तं हातात इळा नसता काय? आन् सोंगणारी एकटी कशी राहीन? सोंगायला पात लागते पाच-सहा बायांची. हे एकटी हाये. मागून आली हाये.”

सोंगणी झाल्यावर शेतात जी कणसे, ज्या शेंगा, जे दाणे पडून राहतात तो सरवा. आई लहानपणी तिच्या आईबरोबर मालगुजाराच्या शेतात सरव्याला जात असे. ज्वारीचा, हरभऱ्याचा, भुईमुगाचा. तिने हे मला चाळीस वर्षांत सांगितले नव्हते. त्या दिवशी एका परदेशी बाईकडे बघत सांगितले. पहाटे निघायचे, कारण उशीर झाला की मालक गुरे सोडतो. ओच्यात गोळा करायचे, टोपलीत नाही. टोपली नेली की डोळ्यांवर येते. आणि एक नियम. “मालक बांधावर असला तं त्याच्याकडं पाहाचं नाही. चांगला मालक असन तं तोही आपल्याकडं पाहत नाही. नजर मिळाली का मंग त्याला काहीतरी बोलाच लागते. हो म्हणन नाहीतं नाही म्हणन. दोन्हीनं खराबी.”

त्या रात्री मी मराठी बायबल उघडले आणि रूथचा ग्रंथ वाचला. चारच अध्याय आहेत. बेथलेहेमात दुष्काळ पडतो आणि नामी नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. तिथे नवरा मरतो, लग्न झालेली मुलेही मरतात. उरतात एक सासू आणि दोन विधवा सुना. नामी गावी परत निघते आणि सुनांना सांगते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक रडून जाते. रूथ जात नाही. माहेर, मुलूख, देव सगळे सोडून ती सासूच्या मागे चालू लागते. जात्यावर बसून सासूचा उद्धार करणाऱ्या बायांच्या या मुलखात अशी सून मी तरी कोणत्या ओवीत ऐकली नव्हती. जवाची कापणी चालू असते. पोटासाठी रूथ बवाज नावाच्या माणसाच्या शेतात जाते, आणि तिथे मराठी भाषांतरात आईचाच शब्द भेटतो: सरवा.

त्यामागचा नियम लेवीय ग्रंथात आहे. शेत कापताना कोपरान् कोपरा कापू नये, पडलेले पुन्हा वेचू नये, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी असते. म्हणजे सरवा ही भीक नव्हे; जे घेतले ते मालकाचे, जे सांडले ते त्याचे उरलेच नाही. मवाबी रूथ उपरी होती. आणि बवाज काय करतो? तो कापणाऱ्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या, आणि तिला बोलू नका. तो तिला सरळ पोते भरून देऊ शकला असता. तसे केले असते तर तिला मान खाली घालावी लागली असती. आता ती मान खाली घालते ती फक्त वेचण्यासाठी. पुढे दोघांचे लग्न होते आणि त्या उपऱ्या सुनेच्या वंशात दावीद राजा जन्मतो.

आईला गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “नामीनं मंग सुनेच्या हातचं खाल्लं असन. बरं झालं.” बाकी कशावरही तिने मत दिले नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा वाटले की हे चित्र परदेशी नाही. शगालने पॅलेस्टाईन पाहिले होते, पण त्याच्या सगळ्या बायबलमध्ये वितेब्स्कची माणसे आणि वितेब्स्कची गुरे येतात. स्वतःच्या गावावरून गेल्याशिवाय त्याला तिकडे जाता येत नसे. आमच्याकडेही ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक जवळ केले त्यांची वाट अशीच गेली. नारायण वामन टिळक १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत आणि भजनांत आणला, टाळ-मृदंगासह. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बाया होत्या. मूळ प्रत कोणती, असा प्रश्न या माणसांना पडला नसावा. ज्याच्या हाती जी पडली ती त्याची मूळ.

आणि चित्रांत आमच्याकडे आंजेलो द फोन्सेका होता. गोव्यातल्या सांतू इस्तेव्ह बेटावर १९०२ मध्ये जन्मलेला, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेला. त्याची मेरी साडी नेसते आणि भारतीय घरातल्या बाईसारखी जमिनीवर बसते. गोव्यातल्या तेव्हाच्या धर्ममंडळींना ते पाखंड वाटले. फोन्सेका पुण्याला आला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, आणि १९६७ मध्ये वारला तोवर काढत राहिला. त्याचे काम बहुतेक जलरंगातले, म्हणजे एकेकच. आज त्यातले बरेचसे गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. तिथे जाऊन पाहता येते, घरी आणता येत नाही. मला कुणी विचारते, शगालच का, आपला फोन्सेका का नाही? उत्तर सरळ आहे. फोन्सेकाचे पीक पुरते कोठारात गेले. ते बरेच झाले. शगालने मात्र शेताचा एक कोपरा कापायचा ठेवला होता. जे चित्र आठ-दहा श्रीमंतांच्या घरी जाऊ शकले असते, ते त्याने मासिकाच्या पानावर काही हजार वेळा सांडू दिले. त्यातले एक बर्डीवर येऊन पडले.

पुढच्या पंधरा वर्षांत नामी आणि तिच्या सुना, हागार आणि ईयोब अशी तीन पाने आली. टपालाने, गोल नळकांड्यांत, परदेशातून. प्रत्येक वेळी पगारातून, मग पेन्शनीतून काढून. या काळात मी संग्राहकाची सगळी पापे शिकलो. मासिकाच्या पानावर मागाहून पेन्सिलीने सही ठोकून दसपट भावाला विकतात, हे शिकलो. ऑफसेटच्या नकला ‘अस्सल लिथो’ म्हणून खपवतात, हे एकदा पैसे घालवून शिकलो. दुसऱ्याच्या संग्रहात चांगले पान दिसले की आधी त्याचे दोष शोधायचे, हेही शिकलो. आणि एक अडचण कधी सुटलीच नाही. पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र आहे. भिंतीला एकच दिसते. रंगीत रूथ बैठकीकडे तोंड करून असते आणि पाठीवरची काळी रूथ भिंतीकडे पाहत राहते. उन्हाळ्यात पाने उतरवली की तेवढी दहा मिनिटे मी तिला उजेडात धरतो. आईला ती काळीच अधिक आवडे. रंगीत म्हणजे सणाची, ही रोजची, असे ती म्हणे.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कागदाची निगा जाणणाऱ्या एका बाईंना मी पाने दाखवली. त्यांनी रूथची चौकट उलटी केली आणि डोक्याला हात लावला. मागे मी साधा पुठ्ठा आणि खाकी कागद घातला होता. असल्या कागदात आम्ल असते, ते हळूहळू चित्रात झिरपते आणि चित्र पिवळे पडते. “हे आजच फेका,” त्या म्हणाल्या, “आणि आम्लविरहित पुठ्ठा घाला.”

घरी येऊन पिना काढल्या. पुठ्ठा निघाला. त्याखाली खाकी कागद. काकांनी पान ज्यात गुंडाळून दिले होते तोच. त्या दिवसांत चौकटवाल्याकडे मी तो तसाच दिला होता आणि त्याने तो तसाच आत घातला होता. फेकण्यासाठी तो चुरगळणार तोच आतल्या घडीजवळ पेन्सिलीचे काहीतरी दिसले. उजेडात नेले.

‘शगाल. रूथ. दगडछपाई, पॅरिस.’

खाली किंमत. चार आकडी, आणि तिच्यावर एक आडवी रेघ. रेघेखाली दीडशे. त्या दोन्ही रकमांतला पाचाचा आकडा डावीकडे कलंडलेला होता.

मी बराच वेळ जमिनीवरच बसून राहिलो. दुकान बंद होऊन सहा-सात वर्षे झाली होती. काका त्याआधीच गेले होते. विचारायला कुणी उरले नव्हते. त्यांनी रेघ कधी मारली असेल? मी महिनोन् महिने चित्रांच्या त्या फळीसमोर उभा राहून, पाने उलटून, काही न घेता परत जात असे तेव्हा? की ते पान हातात घेऊन मी गठ्ठ्यापाशी उभा होतो, आणि ते कोपऱ्यात खाकी कागद शोधायला वळले होते, त्या मिनिटभरात? नकाशांच्या गठ्ठ्यात ते मधोमध, मला सापडेल असे कुणी ठेवले होते? फसवल्याचा आनंद मी वीस वर्षे मिरवला. त्यांनी तो मला मिरवू दिला. त्यानंतरही मी त्या दुकानात कितीदा तरी गेलो होतो. चहा प्यालो होतो. ते एकदाही बोलले नाहीत.

मला त्यांचा चेहरा आठवायचा होता, पण त्या संध्याकाळचा चेहराच नव्हता माझ्याकडे. सुतळी होती, गठ्ठा होता, खाली घातलेली मान होती. आईने सांगितलेला बांधावरचा मालक असाच उभा राहत असणार.

रूथच्या मागे आता चांगला पांढरा पुठ्ठा आहे. खाकी कागद मात्र मी फेकला नाही. त्याला वेगळ्या पाकिटात, चित्राचा स्पर्श होणार नाही असा, त्याच पेटीत ठेवला आहे. संग्रहात आता पाच पाने आहेत असे मी धरतो. उन्हाळ्यात सगळी एकदम निजतात. दसऱ्याला चार भिंतीवर जातात, पाचवे पेटीतच राहते. आणि बर्डीवर काकांना कसे गंडवले हा किस्सा आता कुणी आठवण करून दिली, तरी मी सांगत नाही.